डाव्या चाकामागचा दगड

मी थापाड्या आहे. मान्य.

गंगापूर धरणात मी एवढा मोठा मासा पाहिला की त्याच्या पाठीवर बाभूळ उगवलेली होती, हे मीच सांगितलेलं आहे. ते ऐकून मला दोनदा चहा पाजणारे लोक अजून हयात आहेत.

पण आज सांगतोय त्यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

हे माझ्या साडूच्या बाबतीत घडलं. सहादू त्याचं नाव. मखमलाबादला मळा. झेंडू, गुलाब, मधेच कोथिंबीर. माणूस असा की रस्त्यात भूत आडवं आलं तर आधी त्याला विचारील, "कुठल्या गावचा तू? कुणाकडं उतरलास?"

आणि एक आधीच सांगून ठेवतो. यात रात्र नाही. अमावस्या नाही. पिंपळ तर नाहीच नाही. जे झालं ते लख्ख उन्हात झालं.

म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते. रात्रीचं काय, दिवा लावला की संपलं. उन्हात दिसलेल्याला काय लावणार?

साल अठ्ठ्याण्णव. दसऱ्याचा आदला दिवस. सकाळचे साडेदहा.

जागा… नाशिकहून पेठकडं जाणाऱ्या रस्त्यावरचा एक घाट. कुठला, ते सांगत नाही. तुमच्यातले दोघं-चौघं लगेच मोटरसायकल काढून बघायला निघतील, मला ठाऊक आहे.

सहादूकडं तेव्हा जुनी डिझेल जीप होती. ताडपत्रीचा टप, बसलेल्या गाद्या. हँडब्रेकचा दांडा होता, पण तो फक्त जेवणाची पिशवी अडकवायला. आणि पायातला ब्रेक… तो पहिल्या दाबाला लागायचाच नाही. पाय खाली जायचा. दुसऱ्यांदा दाबला की लागायचा.

पेठ नाक्याजवळ फकिरा मिस्त्रीचं गॅरेज. तो सहादूला दर वेळी झापायचा.

"सहादूभाऊ, ब्रेक म्हणजे काय जावई आहे का? दोनदा बोलावल्याशिवाय येत नाही!"

"सवय झालीय रे मला. दोनदा मारतो."

"ऑइल कुठंतरी झिरपतंय. एक दिवस गाडी ठेव. चारी चाकं खोलून बघतो."

"दसरा होऊ दे."

"आणि घाट न्यूट्रलमध्ये उतरवतो म्हणे तू?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या ब्रेकच्या ड्रमांनी. तापून निळे पडलेत. अरे बाबा, ज्या गिअरात चढवतोस त्याच गिअरात उतरव. इंजिनाला धरू दे की गाडी. सगळा भार ब्रेकवर टाकला तर ते तापणार. आणि एकदा तापले की मग पाय दाब नाहीतर डोकं आपट, गाडी थांबत नसते."

सहादू हसायचा. न्यूट्रलमध्ये गाडी कशी फुलासारखी उतरते, असं त्याचं म्हणणं. फुलवाल्याला दुसरं काय सुचणार?

तर त्या दिवशी जीपमध्ये झेंडूच्या जाळ्या खचाखच भरलेल्या. पेठच्या बाजारात न्यायच्या होत्या. शेजारी छाया. माझी मेहुणी, म्हणजे सहादूची बायको.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर इंजिननं मान टाकली. रेडिएटरमधून वाफ. सहादूनं गाडी थांबवली आणि जीप हळूच मागं सरकायला लागली…

"दगड लाव! दगड!" सहादू ओरडला.

छायानं उडी मारली. रस्त्याच्या कडेला चुना फासलेले दगड ओळीनं मांडलेले होते. तिनं त्यातला एक उपटला आणि डाव्या मागच्या चाकाला लावला. जीप थांबली.

दगड अर्धा पांढरा, अर्धा काळा. जमिनीत रुतलेली बाजू काळी.

"बाई, माझ्या वळीतला दात पाडला की वो तुमी!"

दोघांनी वर पाहिलं. कठड्यावर एक म्हातारा बसलेला. अंगात खाकी शर्ट, डोक्याला टॉवेल, पायात टायरच्या चपला. पुढ्यात चुन्याची बादली आणि कुंचा. हा तिथला मैलकुली. म्हणजे त्या तुकड्यातला रस्ता झाडायचा, खड्डे बुजवायचे, कडेचे दगड रंगवायचे, ही त्याची नोकरी. चिमाजी त्याचं नाव, त्यानंच सांगितलं.

"परत लावते हो बाबा जागेवर," छाया हसून म्हणाली.

"लावा म्हंजे झालं. नायतर लोकं रस्त्यातच सोडून जात्यात. दिसभर तेच उचलतोय मी. वळणावर दगड लय वाईट, बाई."

गाडी निवली. पाणी भरलं. सहादूनं इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला. जीप रडतखडत पुढं सरकली.

"बस लवकर!"

"अहो, दगड…"

"राहू दे! आता थांबलो तर ही पुन्हा चढायची नाही!"

छाया धावत येऊन चढली. दगड रस्त्याच्या मधोमध. चाकामागं लावलेला, तसाच.

मागून आवाज आला, "ओ भाऊऽ… दगड!"

सहादूनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि हलवला. तूच उचल, असा.

आरशात त्याला दिसलं. चिमाजीनं कुंचा बादलीत ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठला…

मग वळण आलं.

दुपारी तीनला माल विकून दोघं परत निघाले. घाटमाथ्यावर आल्यावर सहादूनं सवयीप्रमाणं गाडी न्यूट्रलला टाकली. फुलासारखी उतरवत निघाला.

तिसऱ्या वळणाच्या अलीकडंच गाड्यांची रांग.

पुढं एक ट्रक डोंगरात नाक खुपसून उभा. रस्त्यावर चुना सांडलेला. पांढरा, लांबवर फरफटलेला.

आणि त्यात एक चप्पल. टायरची.

एकच.

"काय झालं?" सहादूनं पुढच्या टेम्पोवाल्याला विचारलं.

"मैलकुली गेला. रस्त्यात दगड होता, तो उचलायला वाकला. वरून हा ट्रक आला, न्यूट्रलमध्ये. वळणावर ब्रेक लागलाच नाही."

"दगड… कुणाचा होता?"

"आता कुणाचा म्हणून सांगू? रोजचंच आहे ते."

सहादूनं कडेच्या ओळीकडं पाहिलं. पांढरे दगड, एका मापात. मधे एक जागा रिकामी. पडलेल्या दातासारखी.

दगड मात्र रस्त्यावर कुठंच नव्हता.

छायानं बोलायला तोंड उघडलं. सहादूनं तिच्याकडं पाहिलंच नाही. रांग हलली, तशी त्यानं गाडी पुढं काढली.



दुसऱ्या दिवशी दसरा. सहादू पहाटेच उठला. जीप धुतली. बॉनेटला झेंडूची माळ घातली. मागच्या बाजूला हळदीकुंकू लावायला गेला, आणि…

डाव्या मागच्या चाकाला दगड लावलेला होता.

अंगण सपाट. तळहातासारखं. तिथं दगडाची गरजच काय?

सहादू खाली वाकला.

दगड अर्धा पांढरा होता.

"छाया, हा दगड तू लावलास?"

ती बाहेर आली. पाहिलं. हातातलं तबक तसंच राहिलं.

"अहो… हा तर…"

"गप. पोरांनी आणला असेल कुणीतरी."

त्यानं तो दगड उचलला आणि सरळ विहिरीत टाकला. 'डुबुक' झालेलं दोघांनी ऐकलं.

पुढच्या सकाळी दगड पुन्हा चाकामागं होता.

ओला.

मग तो रोजचाच झाला. दिंडोरीला द्राक्षबागेत कुणाला भेटायला गेला, अर्ध्या तासानं आला, तर चाकाला दगड. सायखेड्याला लग्नाला गेला, मांडवाबाहेर गाडी लावली. जेवून आला, तर दगड. बांधावर टाकून बघितला, उकिरड्यात पुरून बघितला. काही उपयोग नाही.

लावणाऱ्याला कुणी कधी पाहिलं नाही. फक्त एक आवाज यायचा.

भर दुपारी. सहादू फुलं खुडत असायचा. मळ्यात चिटपाखरू नाही. आणि जीपच्या बाजूनं…

चट्…

मग काहीच नाही.

चट्…

मग काहीच नाही.

एका पायात चप्पल घालून कुणी चाललं तर कसा आवाज येईल? चप्पलचा पाय वाजतो. दुसरा वाजत नाही. तसा.

सहादू वळून बघायचा. जीप उभी. चाकाला दगड. बाकी ऊन.

लोकांना मात्र मजा वाटायची. फुलबाजारातला सावळीराम व्यापारी एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "काय सहादूशेठ, क्लीनर कधी ठेवला? आम्हाला सांगितलं नाही!"

"कसला क्लीनर?"

"अरे, तू गाडी लावून उतरतोस तोवर मागं दगड लागलेला असतो. माणूस दिसत नाही, पण काम चोख आहे बाबा. आम्हाला दे की असा एखादा. चहासुद्धा मागत नाही!"

सगळे हसले. सहादूही हसला. पण त्या दिवशी तो फुलांच्या चार जाळ्या बाजारातच विसरला.

फकिरा मिस्त्रीनं तर कौतुकच केलं. "दगड लावायला लागलास, बेस झालं. तुझा हँडब्रेक नाहीतरी पिशवी टांगायचाच आहे. हा पांढऱ्या तोंडाचा दगड कुठून आणतोस रे? दर वेळी तोच दिसतो."

त्या दिवसापासून सहादूनं फकिराकडं जाणंच सोडलं.

इथं सगळी चूक झाली, बघा. गॅरेजला गाडी ठेवायची म्हणजे दगडाची चौकशी होणार. दगडाची चौकशी म्हणजे घाटाची गोष्ट निघणार. म्हणून ब्रेकचं काम राहिलं ते राहिलंच. दोन दाबांचे तीन दाब झाले. माणूस एक गोष्ट लपवायला गेला की तिच्याबरोबर आणखी काय काय झाकलं जातं, त्याचं त्यालाच कळत नाही.

छाया एकदा म्हणाली, "त्यांच्या घरी जाऊन सांगा."

"काय सांगू? तुमचा माणूस माझ्यामुळं मेला, हा घ्या नारळ?"

"हो. तेच सांगा."

"आणि त्यांनी विचारलं, इतके दिवस कुठं होता?"

छाया म्हणाली, "मी परत लावते म्हणून सांगितलं होतं त्यांना. तोंडानं सांगितलं होतं."

सहादूची झोप उडाली. जेवताना उठायचा, चाकं बघून यायचा. कीर्तनाला बसला तरी मान बाहेर. गाडी चालवताना आरशात बघायचा आणि पटकन नजर काढून घ्यायचा.

सहा महिने असे गेले.

चैत्रात त्याची लेक उज्वला हिला बाळंतपणाला आणायचं ठरलं. पहिलंच बाळंतपण. सातवा महिना. तिचं सासर घाटाच्या वर, पेठच्या अलीकडं. सहादू म्हणाला, "एसटीनं आणू." पण सातव्या महिन्याच्या पोरीला एसटीत उभं करून आणायचं? व्याह्यांना काय सांगायचं, घरी जीप असून आणत नाही म्हणून?

शेवटी जीपच काढली.

जाताना घाट चढला. तिसऱ्या वळणावर त्यानं कडेला बघितलं नाही. छायानं बघितलं. ओळीतली जागा अजून रिकामीच होती.

परत येताना दुपारचे बारा वाजले. घाटमाथ्यावर एक चहाची टपरी होती. रस्ता तिथूनच खाली उतरायला लागतो.

"आप्पा, थांबा ना जरा," उज्वला म्हणाली. "मला कैरी दिसली."

सहादूनं वेग आधीच कमी केला होता. गिअर उतरवत उतरवत गाडी टपरीसमोर आणली. चढ संपत होता, तिथं ती आपोआपच थांबली. ब्रेक त्यानं दाबला असेल नसेल, त्यालाही नंतर आठवेना. तोंड उताराकडं, गाडी जराशी पुढं कललेली.

कैऱ्या घेतल्या. चहा झाला. उज्वला आणि छाया मागं बसल्या. सहादू गाडीला वळसा घालून निघाला.

आणि थांबला.

मागच्या चाकाला दगड नव्हता.

सहा महिन्यांत पहिल्यांदा… नव्हता.

त्याला हायसं वाटलं. खरंच. क्षणभर.

मग तो पुढं आला.

दगड पुढच्या डाव्या चाकाच्या पुढं होता.

अर्धा पांढरा. चुना ओला, आताच कुंचा फिरवल्यासारखा.

"आता पुढून का?" सहादू दात आवळून म्हणाला. दगड उचलला, कडेला फेकला. दार उघडायला वळला…

चट्…

परत पाहिलं. दगड चाकापुढं.

पुन्हा फेकला. पुन्हा…

चट्…

"आप्पा, काय करताय?" उज्वलानं आतून विचारलं.

"काही नाही गं. बस तू."

"अहो," छायाचा आवाज बारीक झाला होता. "तुम्ही उतरा. नका काढू गाडी. तो काहीतरी सांगतोय."

"सहा महिने काय सांगतोय तो? आज माझी लेक बसलीय गाडीत! आज तरी सोड म्हणावं!"

हे तो कुणाला म्हणाला, कोण जाणे. टपरीवाला त्याच्याकडं बघत राहिला.

सहादूनं तिसऱ्यांदा दगड फेकला. धावत जाऊन सीटवर बसला. चावी फिरवली नाही. न्यूट्रल केलं. उताराचीच गाडी, जाईल आपली आपण.

जीप एक वीत पुढं सरकली…

खट्.

थांबली. चाकाखाली दगड.

सवयीनं त्याचा पाय ब्रेकवर गेला.

एकदा दाबला. पाय खाली गेला.

दोनदा. खाली.

तीनदा…

पेडल फळीला टेकलं आणि तिथंच राहिलं. वर आलंच नाही. पायाखाली काही नव्हतंच. पाण्यात पाय घातल्यासारखं.

तो उतरला, खाली वाकून बघितलं. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूनं तेलकट काळा ओघळ. चाकापासून मागं, टपरीपासून मागं, जिथून आले तिथपर्यंत थेंब थेंब. बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची डबी कोरडी ठणठणीत.

न्यूट्रलमध्ये… फुलासारखी…

"उतरा," तो म्हणाला. "दोघी उतरा. हळू. उज्वला, माझा हात धर."

त्यानं दोघींना टपरीच्या सावलीत बसवलं. खालून फावड्यांचे आवाज येत होते. रस्त्याचं काम चालू असावं. कामावर ट्रॅक्टर असला तर गाडी ओढून नेता येईल, म्हणून तो पायीच घाट उतरायला लागला.

एक वळण. दुसरं.

चिमाजीच्या त्या वळणावर चार बाया बसल्या होत्या. रस्त्याच्या कडेला, वरून येणाऱ्या उताराकडं पाठ करून. खडी पसरत होत्या. एकजण जरा बाजूला, कुंच्यानं दगड रंगवत होती. लुगड्यावर पुरुषाचा खाकी शर्ट घातलेला.

सहादू उभा राहिला.

वरून बिनब्रेकची गाडी आली असती, तर सरळ इथंच आली असती. याच्याशिवाय जायला दुसरी जागाच नव्हती.

"काय पायजे, दादा?" शर्टवालीनं विचारलं.

"तुम्ही… चिमाजीबाबांच्या कोण?"

"मालकीण. नवसाबाई. त्यांच्या जागेवर घेतलंय मला."

सहादूला वाटलं, ट्रॅक्टरचं विचारावं आणि निघावं. पण त्याच्या तोंडातून दुसरंच आलं.

"बाई, तो दगड माझा होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा. त्यांनी हाक मारली होती. मी थांबलो नाही."

नवसाबाईचा कुंचा थांबला नाही. वर, खाली. वर, खाली.

"तुमचाच कशावरनं?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दिसाला धा उचलायचे ते. दर गाडीवाल्याचा एक असतोय. त्या दिवशी तुमचाच व्हता कशावरनं?"

सहादूला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यांची एक चप्पल घावली," ती म्हणाली. "दुसरी नाय घावली. लय हुडकली. आणि ह्या जागेला," तिनं ओळीतली मोकळी जागा दाखवली, "दुसरा दगड बसंना झालाय. लावला की दुसऱ्या दिशी नसतोय."

मग तिनं पहिल्यांदा मान वर केली.

"गाडी कुठंय तुमची?"

"वर. टपरीसमोर. ब्रेक गेलाय."

"मंग चाकाला दगड लावला असंल."

"हो… आहे."

"नीट लावलाय ना, दादा? का नुसता टेकलाय? आमी खालीच बसलोय."

सहादूला आठवलं. गाडी न्यूट्रलमध्ये होती. हँडब्रेक नव्हता. गिअरमध्ये टाकायचं तो विसरला होता. सगळी जीप त्या एका दगडावर…

तो धावत सुटला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, भर बाराच्या उन्हात, घाट चढत. टपरी दिसली. छाया आणि उज्वला सावलीत. जीप जागेवर.

तो पुढच्या चाकाकडं गेला.

दगड नव्हता.

चाकापुढं काहीच नव्हतं. रिकामा डांबरी रस्ता. उतार. आणि जीप पुढं कललेली, ब्रेक नसलेली, न्यूट्रलमध्ये… जागची हलत नव्हती.

"छाया, कुणी आलं होतं इथं?"

"कोणी नाही. आमचं लक्ष गाडीकडंच होतं."

सहादूनं दार उघडून गिअर टाकला. टपरीवाल्याकडून दोन मोठे दगड घेऊन चाकांना लावले. मग तो गाडीच्या पुढं आला.

बॉनेटवर पांढरे डाग होते.

चुन्याचे. दोन पंजे. पाच-पाच बोटं, ताणलेली. उताराच्या बाजूनं कुणी तरी गाडीला हात लावून, अंगाचा सगळा जोर टाकून उभं राहावं तसे.

संध्याकाळी एका ओळखीच्या जीपनं मागून दोर बांधून, पहिल्या गिअरात, मुंगीच्या चालीनं त्यांना खाली आणलं. वरच्या टपरीवर लावलेले दोन्ही दगड सहादूनं स्वतः उचलून कडेला ठेवले. तिसऱ्या वळणावर छाया म्हणाली, "ते बघा."

ओळ पूर्ण होती. मोकळ्या जागेत दगड बसलेला. चुना ओला.

फकिरानं चारी चाकं खोलली. नवीन लायनिंग, नवीन वॉशर, ऑइल बदललं. सहादूनं सगळी गोष्ट त्याला सांगितली. फकिरानं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, "मग माझ्याकडं यायचं का सोडलंस, वेड्या?" त्यानंतर सहादू रोज गाडी काढायच्या आधी पेडल दहा वेळा दाबून बघायचा. घाट ज्या गिअरात चढवला त्याच गिअरात उतरवायचा. रस्त्यात कुणाचाही दगड दिसला की गाडी कडेला घेऊन उतरायचा आणि उचलायचा. त्यापायी तो सगळीकडं उशिरा पोहोचायचा.

चाकामागचा दगड पुन्हा आला नाही.

मलाही वाटलं, संपलं.

उज्वलाला मुलगा झाला. समर्थ. दोन हजार साली मी मखमलाबादला गेलो होतो. आता यापुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुपारची वेळ. ओट्यावर आम्ही सुपारी कातरत बसलेलो. समर्थ पांगुळगाडा धरून चालायला शिकत होता. तीन चाकांचा लाकडी गाडा, पुढं ढकलायचा. पोरगं खिदळत ढकलत होतं. ओट्याला तीन पायऱ्या. आणि आमचं लक्ष बोलण्यात.

छाया ओरडली तेव्हा गाडा ओट्याच्या कडेला होता.

आणि तिथंच थांबला होता.

चट्…

मी ऐकलं. आईशप्पथ ऐकलं.

गाड्याच्या पुढच्या चाकापुढं एक गोटा होता. लिंबाएवढा. अर्धा पांढरा.

कुणीच हललं नाही. गोटा काढावा तर गाडा पुढं. ठेवावा तर दगड वाटेत. शेवटी छायानं आधी पोराला उचललं, मग गाडा मागं ओढला, मग गोटा. पोरगं तिच्या खांद्यावरून पायऱ्यांकडं बघत होतं. हात हलवत होतं.

सहादू माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "राखण करतोय का नजर ठेवतोय… तुला काय वाटतं?"

मला काय वाटणार?

आता तो गोटा त्यांच्या देवळीत असतो. कधी कधी नसतो. तेव्हा छाया घरातलं चाकाचं जे काही असेल ते बघून येते. सायकल, हातगाडी, शिलाई मशीन.

मी त्यांच्याकडं जातो तेव्हा स्कूटर स्टँडवर लावतो. निघताना आधी मागच्या चाकाकडं बघतो. आजवर कधीच काही नव्हतं. त्यामुळं जिवाला चैन पडायला हवी.

पण पडत नाही.

कारण त्या घाटात मीही गाडी चढवलेली आहे. तरुणपणी, भाड्याची, कितींदा तरी. इंजिन तापायचं, आम्ही चाकाला दगड लावायचो. नवसाबाई म्हणाली तसं, दर गाडीवाल्याचा एक असतो.

मी माझा उचलला होता का?

दोन वर्षं झाली, आठवायचा प्रयत्न करतोय.

आठवत नाही.